मोठ्यानं बोल, इंजन चालू हाय

तांडेल काका गाडी हाताने ऐकायचे. बॉनेटवर उजवा तळवा टेकवायचे, डोळे मिटायचे आणि आजारी माणसाचा ताप बघावा तसे थोडा वेळ उभे राहायचे. मग म्हणायचे, "तिसरा सिलिंडर रुसलाय." गॅरेजवाल्या सलीमभाईंनी प्लग काढून बघितला की तिसराच काळा निघायचा. याचं कारण साधं होतं. काकांचं आयुष्य बोटीवरच्या डिझेल इंजिनाशेजारी गेलं होतं आणि त्या इंजिनाने त्यांचे दोन्ही कान जवळजवळ संपवले होते. जे कानांनी गेलं ते त्यांनी तळहातात मिळवलं होतं.

नेरूळजवळच्या खाडीकाठच्या गावात त्यांचं दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. माझे वडील एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी कामगार, आई घरी. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा काकांनी मासेमारी सोडून बरीच वर्षं झाली होती. बोट विकली होती, पण तांडेलपण विकता येत नाही. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. सगळं गाव त्यांना त्याच नावाने हाक मारायचं. बोटीच्या जागी त्यांच्या अंगणात एक जुनी पांढरी पद्मिनी मोटार उभी होती.

पद्मिनीला ते बोटीसारखंच वागवायचे. पुढच्या भागाला नाळ म्हणायचे, स्टिअरिंगला सुकाणू. नारळी पौर्णिमेला बाकीचे आपापल्या बोटी सजवत, तेव्हा ते गाडी धुऊन तिच्या नाळेवर हळदीकुंकवाची बोटं ओढायचे. पेट्रोलचा काटा कधीच मेला होता आणि तो दुरुस्त करायची त्यांना गरजच वाटत नव्हती. मागच्या सीटखाली एक वेताची बारीक काठी असायची, तिच्यावर सुरीने पाडलेल्या खुणा. बोटीच्या डिझेलच्या टाकीत बुडवायची तीच काठी त्यांनी गाडीत आणली होती. गाडी कुठेही थांबली की पहिलं काम ठरलेलं. मागे जायचं, टाकीचं झाकण उघडायचं, काठी बुडवून वर काढायची, ओल कुठपर्यंत आली ते बघायचं आणि म्हणायचं, "हाय. पुरल."

हे 'हाय, पुरल' मी रोज सकाळी ऐकायचे. काकू नेरूळच्या मच्छी मार्केटात बसतात. काका त्यांना पाट्यांसकट सोडायला निघाले की मला म्हणायचे, "ए कालेज, बस मागं." माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते माणसांना कामावरून हाक मारायचे. माझे वडील 'मार्केट', सलीमभाई 'पाना', आणि मी 'कालेज'. मागच्या सीटवर माझ्या एका बाजूला कोळंबीची पाटी आणि मांडीवर थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक असायचं. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा हळूच विचारलं होतं, "तुमच्याकडे रोज मासे असतात का गं?" आमच्याकडे श्रावणात कांदासुद्धा नसतो, हे मी तिला सांगितलं नाही.

मी तिला काही सांगितलं नाही, कारण मी कुणालाच काही सांगत नसे. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर होत नसे. माझ्या बोलण्यात गावाकडचा हेल आहे, आपलं चुकलं तर सगळे बघतील, असं वाटायचं. जे बोलायचे ते इतकं हळू की सर म्हणायचे, "काय?" आणि मी म्हणायचे, "काही नाही सर." काकांपुढे ही सोय नव्हती. त्यांना हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही. ते हात कानामागे धरून म्हणायचे, "मोठ्यानं बोल गो, इंजन चालू हाय." आम्ही ओट्यावर बसलेलो असायचो, गाडी अंगणात थंडगार पडलेली असायची, तरी त्यांच्या डोक्यात इंजिन चालूच असायचं. मग मला तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणावं लागायचं. "काका, चहा झालाय का विचारलं." समोरच्या घरातून कुणीतरी उत्तर द्यायचं, "जालाय, जालाय."

मी मेकॅनिकलला आहे म्हटल्यावर त्यांनी एका रविवारी कार्बोरेटर माझ्यापुढे वर्तमानपत्रावर उघडून ठेवला. मी तो फक्त चित्रात बघितला होता. मी आकृती आठवत होते आणि ते तरंगणारा पितळी डबा बोटाने हलवत होते. "ह्यो बोया," ते म्हणाले. जाळ्याला बांधतात तो, पाण्यावर तरंगणारा बोया. "पेट्रोल वर आला का बोया वर. बोया वर गेला का दार बंद. खाली आला का दार उगडा. कलला?" मला पुस्तकातलं एक पान एका क्षणात कळलं. मीही त्यांना एक गोष्ट सांगितली, की हवा अरुंद जागेतून जोरात जाते तेव्हा तिथला दाब कमी होतो आणि त्यामुळे पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं. त्यांना हे खोटं वाटलं. मग आम्ही सरबताच्या ग्लासात एक नळी उभी धरून तिच्या तोंडावरून दुसऱ्या नळीने फुंकर मारून बघितली. सरबत उडून त्यांच्या बनियनवर पडलं. ते बराच वेळ त्या डागाकडे आनंदाने बघत राहिले.

त्याच्या पुढच्या वर्षी गाडी आजारी पडली.

आधी पावसाळ्याच्या सुरुवातीला पेट्रोलमध्ये पाणी निघालं. कार्बोरेटरच्या भांड्यात तळाशी पाण्याचे मणी दिसले. काकांनी ते साफ केलं, पाणी कुठून आलं ते शोधलं आणि टाकीच्या झाकणाचा बंदोबस्त करून टाकला. पाण्याशी कसं वागायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. "पान्याला वाट दिली का त्यो घर करतो," एवढंच ते म्हणाले. पाणी थांबलं. पण नंतर वेगळंच दुखणं सुरू झालं. वाशीकडे जायचं असलं की गाडी घरातून झोकात निघायची, सानपाड्याच्या पुढे उचक्या देऊ लागायची आणि बंद पडायची. थोड्या वेळाने चालू व्हायची, परत तेवढंच अंतर जायची, परत उचकी.

यावर इलाज सगळ्यांकडे होते आणि प्रत्येकाचा इलाज लागू पडत होता. ही त्यातली खरी अडचण होती. सलीमभाईंनी कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ केला आणि म्हणाले, "चाचा, कचरा था. आता मक्खन चालेल." ती मक्खन चालली, सानपाड्यापर्यंत. मग त्यांनी पेट्रोल पंप बदलला, मग कॉइल बदलली. शेवटी म्हणाले, पेट्रोल गरम होऊन नळीत वाफ धरते, पंपावर ओलं फडकं ठेवा. फडकं ठेवलं की गाडी चालू व्हायची. काकू सोबत असल्या की त्या एकवीरा आईचं नाव घेऊन डॅशबोर्डला हात जोडायच्या, त्यानेही गाडी चालू व्हायची. काकांचा मुलगा नंदूदादा म्हणायचा, "काही करू नका, तिला फक्त रेस्ट द्या." रेस्ट दिली की चालू व्हायची. आणि काका या सगळ्यांचं चालू असताना मागे जाऊन काठी बुडवायचे, "हाय, पुरल" म्हणायचे आणि सुकाणूवर येऊन बसायचे.

मला एक गोष्ट खटकत होती. टाकीत पेट्रोल कमी असलं की गाडी लांब जायची. टाकी भरलेली असली की लवकर बंद पडायची. असं उलटं का व्हावं? मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं, पण बोलले नाही. सलीमभाईंचे हात तीस-पस्तीस वर्षं इंजिनात गेलेले. मी दुसऱ्या वर्षाची मुलगी. माझ्याजवळ उत्तर नव्हतं, नुसता प्रश्न होता, आणि नुसता प्रश्न विचारायलाही धीर लागतो हे मला तेव्हा समजत होतं, पण जमत नव्हतं.

नंदूदादा महाप्याच्या एका कंपनीत आहे. वाईट माणूस नाही. पण पामबीच रोडवर मागून गाड्या भरधाव येत असताना आपले बहिरे वडील मधल्या लेनमध्ये बंद गाडीचं झाकण उघडून काठी बुडवताहेत, हे चित्र त्याला झोपू देत नव्हतं. दोनदा त्याला ऑफिसातून उठून यावं लागलं होतं. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा ओट्यावर बसून शांतपणे म्हणाला, "बाबा, बस झालं. भंगारवाल्याशी बोललोय. पौर्णिमेनंतर घेऊन जाईल."

काका गाडीकडेच बघत होते. त्यांना ऐकू आलं नाही असं आम्हाला वाटलं. पण त्यांनी चहा तसाच ठेवला होता.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहायचा मान गावाने काकांना दिला होता. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ देवळातून उचलायचा आणि वाजतगाजत जेट्टीवर नेऊन खाडीला अर्पण करायचा. आमच्या गावची रीत अशी, की नारळ एकदा उचलला की वाटेत थांबायचं नाही. माणूस दमला तर दुसऱ्याने खांदा द्यायचा, पण मिरवणूक थांबवायची नाही. काकांचे गुडघे गेलेले, चालत जाणं शक्य नव्हतं. त्यांनी जाहीर करून टाकलं होतं की नारळ पद्मिनीतून जाईल. गावात कुजबुज सुरू झाली. ती गाडी वाटेत बसली तर? शेजारचा एक म्हातारा ओट्यावर येऊन म्हणाला, "तांडेल, नारल दर्याला द्यायचाय, गॅरेजला नाय." सगळे हसले. काकाही हसले, पण हात कानामागे न धरता. म्हणजे ते त्यांना नीट ऐकू आलं होतं.

शेवटी नंदूदादाने अट घातली. "आदल्या दिवशी मला सोबत घेऊन वाशीपर्यंत जाऊन दाखवा. न थांबता गेली-आली तर नारळ तिच्यातून. भंगारवाल्यालाही नको सांगतो. थांबली तर मी टेम्पो सांगून ठेवलाय, आणि मग तुम्ही परत सुकाणू धरायचं नाही." काकांनी मान डोलवली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "कालेजला घे. साक्षीदार पायजे."

आदल्या दिवशी सकाळी त्यांनी सणाची म्हणून टाकी काठोकाठ भरली. मला वहीतलं मागचं पान आठवलं. मी "काका" म्हणाले, त्यांना ऐकू गेलं नाही, आणि आम्ही निघालो.

गाडी सानपाड्यापर्यंतसुद्धा गेली नाही. पामबीचवर खारफुटीच्या कडेला तिने पहिली उचकी दिली, काकांनी तिला कशीबशी डाव्या कडेला घेतली आणि ती बंद पडली. नंदूदादाने घड्याळ बघितलं नाही, वडिलांकडे बघितलं नाही, गुपचूप उतरून बॉनेट उघडलं आणि पंपावर ओलं फडकं ठेवलं. मला वाटतं, गाडी चालू व्हावी असं त्यालाही वाटत होतं. आम्ही थांबलो. काकांनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. परत थांबलो. परत घरघर. पेट्रोलच्या फिल्टरची काचेची वाटी कोरडी होती. फडकं लागू पडलं नाही, रेस्ट लागू पडली नाही. नंदूदादाने डॅशबोर्डला हातही जोडले. आजवर असं कधी झालं नव्हतं.

काका सीटखाली चाचपत होते. काठी नव्हती. ती सकाळी काकूंनी दारावर सणाचा बावटा लावायला घेतली होती. काका बॉनेटजवळ आले, तळवा टेकवला, डोळे मिटले. बंद इंजिनात ऐकायला काही नव्हतं. इतका वेळ त्यांचा हात तसाच होता की मला बघवेना. नंदूदादा बाजूला जाऊन फोनवर कुणाला तरी टोइंगचं विचारू लागला.

"ए कालेज," काका म्हणाले. "काठी नाय. तुजे डोले चांगले हायेत. टाकीत बग किती हाय."

टाकी काठोकाठ भरली होती हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांना 'हाय, पुरल' म्हटल्याशिवाय पुढचं सुचत नसावं. मी मागे गेले. झाकण फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला, ते जरासं फिरलं, आणि फस्स असा लांब आवाज आला. पेट्रोल बाहेर येतंय या भीतीने मी हात मागे घेतला. पण बाहेर काहीच आलं नाही. माझ्या मनगटावरून वारा आत जात होता. गाडी श्वास घेत होती.

मी झाकण उलटं करून बघितलं. आतून टायरच्या ट्यूबचा गोल तुकडा पंक्चरच्या सोल्यूशनने पक्का चिकटवलेला होता. काकांचा तोच पाण्याचा बंदोबस्त.

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. टाकीतून पेट्रोल बाहेर गेलं तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी. झाकणाला त्यासाठीच छिद्र असतं आणि ते बंद झालं होतं. हवा नाही म्हणून आतला दाब उतरत जायचा, आणि शेवटी पंपाला पेट्रोल ओढवायचं नाही. भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी, म्हणून दाब लवकर उतरायचा आणि गाडी लवकर थांबायची. आणि आजवर दर वेळी चालू का झाली? फडक्याने नाही, रेस्टने नाही. दर वेळी काका मागे येऊन झाकण उघडत होते म्हणून. तेव्हा बाकी सगळ्यांची डोकी पुढे बॉनेटमध्ये असायची, आणि मागे जो माणूस उभा असायचा त्याला हा आवाज ऐकू येत नव्हता.

"काका, टाकीत हवा जात नाहीये," मी म्हणाले.

काकांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल गो, इंजन चालू हाय."

त्या दिवशी नेमकं तेच चालू नव्हतं. शेजारून एक ट्रेलर गेला. नंदूदादा फोन कानाला लावून माझ्याकडे बघत होता. माझं चुकलं तर? झाकणाचा दोष निघाला म्हणजे दोष काकांचा निघणार, तोही त्यांच्या मुलासमोर. पण हळू बोलायची सोय तिथे नव्हतीच.

मी ओरडले, "काका, टाकीला श्वास घेता येत नाही. तुम्ही झाकणाचं भोक बुजवलंय. म्हणून ती बंद पडते."

नंदूदादाने फोन खाली घेतला. "आता पेट्रोलची गाडी हवेवर चालणार का?"

"पंपाची दांडी हाताने दाबा ना दादा, काचेत बघा," मी त्याच आवाजात म्हणाले. आवाज एकदा वर गेला की लगेच खाली येत नाही. त्याने दांडी दाबली. कोरड्या काचेत पेट्रोल चढू लागलं. काकांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या हाकेला उठली.

झाकण सैल ठेवून आम्ही कडेने हळूहळू निघालो. नंदूदादा म्हणाला, "चला, घरी चला. चालतेय ना? थांबली ते मी मोजत नाही." त्याने एवढं सोडलं होतं, तेच खूप होतं. माझ्या मते गोष्ट इथे संपायला हवी होती. पण काकांनी गाडी नेरूळच्या एका आतल्या, मोकळ्या रस्त्यावर घेतली आणि उतरून झाकण आपल्या हाताने गच्च लावलं.

"बाबा, काय करताय?"

"मारून बगतो परत."

"अहो, पण आता चालतेय ना."

"मना कारन कलला नाय अजून," काका म्हणाले. "कारन नाय कलला त नारल कसा नेवू? देवाच्या भरवशावर गारी न्यायची नाय. देवाला टेन्शन येतो."

ते त्याच चौकोनी रस्त्यांवर गोल गोल गाडी फिरवत राहिले. जी गाडी बंद पडली तर त्यांच्या हातून जाणार होती, ती बंद पडायची ते वाट बघत होते, ज्याने अट घातली त्याला शेजारी बसवून. मी मागे हात घट्ट धरून बसले होते. ती बंद पडली नाही तर मी खोटी ठरणार होते. अखेर उचकी आली, दुसरी आली, आणि एका शाळेच्या भिंतीशी पद्मिनी शांत झाली.

काका मागे आले. झाकण फिरवून त्यांनी ते पुरतं काढलं नाही, नुसतं कडेने उचललं आणि फटीवर आपला तळवा ठेवला. त्यांचे डोळे मिटले. फस्स आवाज मला आणि नंदूदादाला ऐकू आला. त्यांना तो हाताला ऐकू आला. तळवा आत ओढला जात होता. त्यांनी तो उचलला, परत ठेवला, तिची ओढ संपेपर्यंत ठेवला.

"म्हंजी मीच गला दाबला तिचा," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. बोटीच्या टाकीचं झाकण असंच ट्यूब लावून गच्च करतात, नाहीतर लाटेचं पाणी आत जातं. पण बोटीच्या टाकीला हवेसाठी वेगळी नळी असते, वर जाऊन खाली वळलेली. गाडीला ती झाकणातच असेल हे त्यांच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. "बोटीची टोपी घातली गारीला," असं म्हणून ते हसू लागले. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नंदूदादाही हसला. त्याने खिशातून फोन काढून टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं, आणि पुढे आणखी एक फोन केला. तो भंगारवाल्याला होता.

पौर्णिमेला पद्मिनी नारळ घेऊन देवळापासून जेट्टीपर्यंत गेली. ट्यूब कापून टाकली होती, पाऊस आला तर म्हणून झाकणावर काकूंनी उलटी वाटी बांधली होती. पुढे बेंजो, मागे लुगड्यांतल्या बाया, मध्ये ही पांढरी गाडी माणसाच्या पावलाने चालत होती. कुठे थांबली नाही. जेट्टीवर नारळ पाण्यात गेल्यावर तो शेजारचा म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, "तांडेल, पोचलास की. कोनी दुरुस्त केली?" काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मी बिघरवली, हिनं शोदली." आणि मला हाताला धरून पुढे ओढलं. "सांग यांना, काय जाला ता. मोठ्यानं सांग. बेंजो चालू हाय." बेंजो खरंच चालू होता. मी सांगितलं. गावातल्या अर्ध्या लोकांनी बोटीवर इंजिनं चालवलेली होती. त्यांनी मला अडवून प्रश्न विचारले, दोघांनी वाद घातला, एकाने म्हटलं, "बरोबर हाय तिचा." हेल माझा होता तसाच होता. कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

नंतर काकांनी तांब्याची एक बारीक नळी आणली, हंसाच्या मानेसारखी वाकवली आणि सलीमभाईंकडून ती झाकणाला झाळून घेतली. आता हवा आत जाते, पाणी जात नाही. सलीमभाई म्हणाले, "चाचा, ऐसी गाडी पूरे बंबई में नहीं." काका म्हणाले, "आदी बोट बगितलीस का?"

पुढच्या सत्राच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी मला विचारलं, इंजिनाला इंधन मिळत नसेल तर आधी काय तपासाल. मी टाकीच्या झाकणापासून सुरुवात केली. सर थोडं मागे सरकले आणि म्हणाले, "येतंय तुम्हाला. जरा हळू सांगा." दाराबाहेर उभ्या मुलांनाही माझं उत्तर ऐकू गेलं होतं, असं नंतर कळलं. हे मी घरी येऊन काकांना मोठ्याने सांगितलं. त्यांनी तळवा माझ्या डोक्यावर टेकवला आणि डोळे मिटले. बहुतेक इंजिन नीट चाललंय का ते बघत होते.

यंदाच्या माघात काका गेले. आदल्या दिवशी काकूंना मार्केटात सोडून आले होते. सकाळी उठलेच नाहीत. दहावा-बारावा झाला, पाहुणे गेले, अंगणात पद्मिनी तशीच उभी. गाडीचं आता काय, असं कुणी विचारत नव्हतं, पण प्रत्येक जण तिच्या बाजूने जाताना जरा दबकून जात होता. मी शेवटच्या वर्षाला आहे. माझा प्रोजेक्ट चालू होता, पण जिन्यावरून खाली उतरताना माझं लक्ष आधी तिथेच जायचं.

एका सकाळी खाली आले तर नंदूदादा ऑफिसच्या कपड्यात गाडीपाशी होता. काकू पाट्या घेऊन पुढे बसल्या होत्या. त्याने मध्यंतरी पेट्रोलचा काटा दुरुस्त करून घेतला होता, हे मला ठाऊक होतं. काका असतानाच घेतला होता आणि काकांनी त्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. काचेतून तो काटा मला दिसत होता. अर्ध्यावर होता. तरी नंदूदादा मागे उभा राहून तांब्याच्या मानेचं झाकण फिरवत होता. त्याने काठी बुडवली, वर काढली, खुणेवरची ओल बघितली आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला.

मी मागचं दार उघडलं, कोळंबीची पाटी जराशी सरकवली आणि म्हणाले, "मोठ्यानं बोला दादा, इंजन चालू हाय."

इंजिन बंद होतं. नंदूदादाने काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"हाय. पुरल."